पायरी चढू नको म्हणालात, आता फोनही तुम्हीच करा

या आठवड्याचं पत्र कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका आजोबांचं आहे. वहीची चार पानं आहेत, सगळी छापायला जागा नाही, म्हणून मुख्य तेवढं त्यांच्याच शब्दात देतो.

‘मी ७१ वर्षांचा. तरुणपणी पेठेच्या टीमकडनं अकरा वर्षं लेफ्ट बॅक खेळलो, दुसऱ्या पेठेनं पैसे देतो म्हटलं तरी गेलो नाही. मुलगा मेलबर्नला असतो, वीस वर्षं झाली, तिकडचा पासपोर्ट घेतला. नातू तिकडंच जन्मला, आता १६ चा आहे. फुटबॉल लई चांगला खेळतो, डाव्या पायाचा, माझ्यासारखाच. मागच्या महिन्यात त्याला ऑस्ट्रेलियाच्या १७ वर्षांखालच्या टीमच्या कॅम्पला बोलावलं. घरात सगळे नाचायला लागले, मला मात्र घास गेला नाही. व्हिडिओ कॉलवर त्याला म्हटलं, तू आपल्या देशाकडनं खेळ, तो हमझा चौधरी इंग्लंडमधनं येऊन बांगलादेशकडनं खेळतोय की, तुला काय झालं. तो म्हणाला, आबा, एवढं सोपं नाही ते. मला राग आला. बोलून गेलो की त्या गोऱ्यांच्या जर्सीत दिसलास तर या घराची पायरी चढू नकोस. तीन आठवडे झाले, पोराचा फोन नाही. रोज दुपारी मोबाईल उशाला घेऊन पडतो. मुलगा म्हणतो, बाबा आता तरी पेठेतनं बाहेर या. माझं काय चुकलं? आणि उद्या भारत-ऑस्ट्रेलिया मॅच लागली आणि हा समोरनं आला तर मी कुणाच्या नावानं ओरडायचं?’

आबा, नमस्कार.

नातू तुम्हाला आबा म्हणतो म्हणून मीपण आबाच म्हणतो. पत्र वाचताना आधी राग दिसला, मग ते ‘डाव्या पायाचा, माझ्यासारखाच’ दिसलं, आणि परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की चार पानांत देशाबद्दल एक पान आहे आणि त्या पोराच्या न आलेल्या फोनबद्दल तीन. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. कुठल्या देशाकडनं खेळायचं ते त्यानं ठरवायचं, तुम्ही नाही, त्याच्या बापानं पण नाही. आणि पायरीचं जे बोललात ते चुकलं, ते तुम्हीच मागं घ्यायचंय, त्याचा फोन येईल म्हणून वाट बघत बसू नका. असं तोंडावर सांगितल्यावर कारणं पण द्यायला पाहिजेत, ती देतो, जरा निवांत वाचा.

हमझा चौधरीपासनं सुरू करू, कारण सगळा घोळ तिथनं झालाय. हमझा इंग्लंडमध्ये वाढला, लेस्टर सिटीकडनं खेळला, इंग्लंडच्या २१ वर्षांखालच्या टीमकडनंसुद्धा खेळला, त्याची आई बांगलादेशी. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला आपल्याच विरुद्ध तो बांगलादेशकडनं पहिल्यांदा उतरला, मॅच ०-० सुटली, आणि तेव्हापासनं आपल्याकडं प्रत्येक कट्ट्यावर हीच चर्चा की त्यांना जमतं मग आपल्याला का जमत नाही. तर आबा, बांगलादेश त्याला दोन्ही पासपोर्ट ठेवू देतो. ब्रिटिश पासपोर्ट खिशात ठेवून तो येतो, मॅच खेळतो, परत आपल्या क्लबला जातो. आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाहीच. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातच आहे की स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं गेलं. तिकडच्या आपल्या लोकांकडं ते ओसीआय कार्ड असतं बघा, त्याच्यावर येता येतं, राहता येतं, पण त्याच्यावर देशाची जर्सी मिळत नाही. २००८ पासनं केंद्र सरकारच्या क्रीडा खात्याचं धोरणच आहे की भारताकडनं खेळायचं तर भारताचा पासपोर्ट पाहिजे. २०१७ ला आपल्या इथं सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला, आपला अनिकेत जाधव खेळला, अख्ख्या कोल्हापूरनं टीव्हीसमोर बसून बघितला, त्याच टीममध्ये नमित देशपांडे म्हणून एक पोरगा होता, मुंबईत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला. त्याच्याकडं भारताचा पासपोर्ट होता म्हणून तो खेळू शकला. तुमच्या नातवाकडं तो कधी नव्हताच.

म्हणजे तुम्हाला वाटलं तुम्ही त्याला जर्सी बदलायला सांगितली, आणि त्याला ऐकू काय आलं, तर जिथं जन्मलास, जिथं तुझी शाळा, तुझे मित्र, तुझे आई-बाप, त्या देशाचा पासपोर्ट परत करून टाक. सोळा वर्षांच्या पोराला. आणि एवढं करून पण आज ते होतच नाही. आईबाप परदेशी नागरिक असलेल्या मुलाला भारताचं नागरिकत्व मागायचं तर आधी वय अठरा पूर्ण लागतं आणि अर्जाआधी वर्षभर भारतात येऊन राहावं लागतं. बारावीच्या वयाचं पोरगं सगळं सोडून इथं वर्षभर राहणार कुठं, शिकणार कुठं, खेळणार कुठल्या लीगमध्ये, हे तुम्ही किंवा मी कधी विचारात घेतलं नाही, त्यानं घेतलं असणार. एवढं सोपं नाही म्हणाला ते उलट उत्तर नव्हतं आबा, पोरगा खरं तेच सांगत होता.

ज्यांनी हे केलं त्यांची उदाहरणं आहेत, मोठ्या मनाची माणसं. आराता इझुमी तुम्हाला आठवत असेल, पुणे एफसीकडनं खेळायचा, जन्म जपानचा, वडील भारतीय, आई जपानी. आधी कित्येक वर्षं भारतात क्लब फुटबॉल खेळला, मग जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ ला भारताकडनं उतरला. आणि अगदी अलीकडचा रायन विल्यम्स, तो तर तुमच्या नातवाच्याच देशातला, पर्थचा. ऑस्ट्रेलियाकडनं २०१९ ला एक मैत्रीपूर्ण मॅच खेळलेला, आई मुंबईची, आणि आईचे वडील १९५६ साली संतोष ट्रॉफीत, म्हणजे आपल्या राज्यांच्या स्पर्धेत, बॉम्बेकडनं खेळलेले. २०२५ मध्ये त्यानं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला आणि भारताच्या कॅम्पला आला. मला ते वाचून भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याचं वय बघा, बत्तीस. त्याआधी इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळून झालेलं, बेंगळुरूत येऊन दोन सीझन राहिलेला, इथली माणसं, इथलं ऊन, इथली मैदानं बघून झालेली, आणि मग स्वतः ठरवलं. कुणी फोनवर दम दिला म्हणून नाही. तुमच्या नातवाला पण बत्तीस वर्षांचं व्हायला अजून सोळा वर्षं आहेत की.

आता कॅम्पचं. तुम्हाला वाटतंय कॅम्पला गेला म्हणजे संपलं, कायमचा गेला. तसं नसतं. फिफा, म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना, तिचा नियम असा आहे की ज्युनिअर टीमकडनं, म्हणजे १७ खालच्या, २० खालच्या, अधिकृत स्पर्धा खेळला तरी पुढं देश बदलता येतो, ते सामने वयाच्या एकवीसच्या आत खेळलेले असले आणि आई-वडील किंवा आजी-आजोबा त्या दुसऱ्या देशात जन्मलेले असले की झालं, अर्थात त्या देशाचं नागरिकत्व मिळवून. तुम्ही जन्मलात कोल्हापुरात, म्हणजे तुमच्या रूपानं त्याचं भारताचं दार उघडंच आहे. मैत्रीपूर्ण मॅचनं तर सीनिअर लेव्हलला पण कुणी बांधला जात नाही, म्हणून तर तो रायन येऊ शकला. खरा लॉक लागतो सीनिअर टीमच्या अधिकृत मॅचला. त्यातपण २०२० ला फिफानं जरा सैल केलं, एकवीसच्या आत जास्तीत जास्त तीन मॅच झाल्या असतील, वर्ल्ड कप किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेत उतरला नसेल, तर तीन वर्षं थांबून बदलता येतं. पण ही सवलत ज्याच्याकडं पहिल्या मॅचच्या वेळीच दोन्ही देशांचं नागरिकत्व होतं त्यालाच. तुमच्या नातवाला ती लागू होणार नाही, म्हणून त्याच्यासाठी खरा निर्णयाचा दिवस ऑस्ट्रेलियाच्या सीनिअर टीमची पहिली अधिकृत मॅच हा असेल, तोवर नाही. आणि तिथवर पोचणं म्हणजे काय असतं ते तुम्ही अकरा वर्षं खेळलाय, मी सांगायला नको. हे तुमच्या मुलाला सांगा, आणि पुढं कधी पासपोर्टचा विषय खरंच निघालाच तर दोन्हीकडचा वकील गाठून लिहून घ्या म्हणावं.

घाई काय करते त्याचं एकच उदाहरण देतो. मुनीर एल हद्दादी, स्पेनमध्ये जन्मलेला, वडील मोरोक्कोचे. बार्सिलोनाकडनं खेळायला लागला तेव्हा अठरा वर्षांचा होता. सप्टेंबर २०१४ ला स्पेननं त्याला मॅसेडोनियाविरुद्धच्या अधिकृत मॅचमध्ये शेवटची तेरा मिनिटं उतरवलं, मॅच स्पेननं कधीच जिंकलेली होती. बस, तेरा मिनिटं. नंतर स्पेननं परत कधी सीनिअर टीममध्ये खेळवलं नाही, आणि २०१८ च्या वर्ल्ड कपला मोरोक्कोला तो पाहिजे होता तर नियम आडवा आला, क्रीडा लवादापर्यंत गेले, तिथंपण नाही म्हणाले. पोरगा घरी बसून वर्ल्ड कप बघत बसला. तो नियम २०२० ला बदलला तेव्हा कुठं २०२१ ला मोरोक्कोची जर्सी मिळाली. म्हणून पोराला घाई करू नका म्हणतोय, ना इकडनं ना तिकडनं.

आता पेठेचं बोलू. तुम्ही लिहिलंय, दुसऱ्या पेठेनं पैसे देतो म्हटलं तरी गेलो नाही. ते मला कळतं, पुरतं कळतं, कारण मी गेलो होतो.

मी एकोणीस वर्षांचा होतो. आमच्या तालमीच्या टीममध्ये माझ्या जागेवर एक मोठा खेळाडू होता, दोन सीझन मी बूट घालून बाकावर बसलो, तिसऱ्या सीझनच्या नोंदणीला पलीकडच्या पेठेचे लोक घरी आले आणि मी सही केली. वडिलांना रात्री कळलं. ते काही ओरडले नाहीत, त्यांनी बोलणंच बंद केलं. पहिल्या मॅचनंतर आईनं माझी जर्सी धुऊन गच्चीवर दोरीला टाकली, त्या पेठेच्या रंगाची, आणि आमच्या गल्लीत खालनं ती लांबनं दिसायची. वडील कामावरनं आले, खाली उभं राहून वर बघितलं, गच्चीवर गेले, ओली जर्सी काढली, घडी घातली आणि न्हाणीघरात दांडीवर नेऊन टाकली. त्यानंतर पूर्ण सीझनभर माझी जर्सी न्हाणीघरातच वाळली. तिला कुबट वास यायचा. तो वास घेऊन मी शाहू स्टेडियमवर उतरायचो आणि आमच्याच गल्लीतली पोरं, माझ्याबरोबर वाढलेली, पायऱ्यांवर बसून हलगीच्या तालावर माझ्या नावानं शिव्या द्यायची. शिव्यांचं मला काय वाटलं नाही आबा. कुबट वासाचं अजून वाटतं.

सेमीफायनलला वडील आले होते हे मला दोन वर्षांनी मामाकडनं कळलं. आमच्या पेठेचे लोक जिथं बसतात तिथं नाही बसले, दुसरीकडं गेटजवळ एकटेच उभे होते, मी गोल मारला तेव्हा टोपी काढून हातात घेतली म्हणे. मला कधी बोलले नाहीत. आता ते नाहीत, आणि मला विचारायचं राहून गेलं की बाबा, त्या दिवशी गेटजवळ उभं राहून तुम्ही कुणाच्या बाजूनं होता.

म्हणून तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न, मी कुणाच्या नावानं ओरडायचं, हा वाचून मी जरा वेळ कागद बाजूला ठेवला होता.

आणि पेठेची ईर्षा म्हणाल तर आता कोल्हापुरात बाहेरगावची पोरं खेळतात, परदेशातनं आलेली पण खेळली, आफ्रिकेतल्या पोरानं आपल्या पेठेकडनं गोल मारला की आपणच त्याला खांद्यावर घेऊन नाचतो. तुम्हीपण नाचला असणार. तो पोरगा कुठं जन्मला हे त्या क्षणी कुणी विचारत नाही. मग आपल्या रक्ताचा पोरगा ज्या गावात जन्मला, ज्या मैदानावर बॉल मारायला शिकला, तिथल्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं तर ते वाईट कसं?

तुम्ही ‘गोऱ्यांची जर्सी’ म्हणालात. ती टीम एकदा नीट बघा आबा, नातवाबरोबर बसूनच बघा. अवेर माबिल म्हणून एक खेळाडू, आईवडील दक्षिण सुदानचे, लढाईतनं पळून आलेले, हा जन्मला केनियातल्या काकुमा नावाच्या निर्वासितांच्या छावणीत. लहानपणी ऑस्ट्रेलियानं त्यांना आसरा दिला. जून २०२२ ला वर्ल्ड कपला जायचं का नाही हे पेरूविरुद्ध टायब्रेकरवर आलं तेव्हा त्यानं पेनल्टी मारली, आत गेली, आणि नंतर तो म्हणाला की आमच्या घरच्यांच्या वतीनं त्या देशाला हे माझं थँक्यू आहे. हॅरी सौटर म्हणून सहा फूट सहा इंचांचा बॅक आहे, स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, आई ऑस्ट्रेलियन, तो ऑस्ट्रेलियाकडनं खेळतो आणि त्याचा सख्खा भाऊ जॉन स्कॉटलंडकडनं. ही अशी टीम आहे. तिच्यात कोल्हापुरी आजोबाचा एक डावखुरा नातू गेला तर तो एकटा परका नसेल.

आणि आपण ज्यांच्या नावानं गल्लीत बॅनर लावतो ते तरी बघा. वर्ल्ड कप आला की आपल्या पेठांमध्ये अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे घराघरावर, मेस्सीचे कटआऊट. तो मेस्सी तेरा वर्षांचा असताना अर्जेंटिना सोडून बार्सिलोनाला गेला, तिथं वाढला, स्पेनला तो पाहिजे होता, आणि मिळाला असता तर वर्ल्ड कप बराच आधी हातात आला असता कदाचित, कारण २०१० ला स्पेननंच जिंकला. अर्जेंटिनाच्या लोकांना हे कळल्यावर त्यांनी काय केलं, तर जून २००४ मध्ये पॅराग्वेबरोबर वीस वर्षांखालची एक मैत्रीपूर्ण मॅच घाईघाईनं भरवली, या पोराला आपली जर्सी घालायला मिळावी म्हणून. त्याला दम नाही दिला, बोलावून घेतलं. त्यानं पण मनातनं ठरवलेलंच होतं. आणि तरीसुद्धा पुढं कित्येक वर्षं त्याच्याच देशातले लोक म्हणत राहिले की हा आपला नाही, हा स्पेनचा, राष्ट्रगीत म्हणत नाही, बार्सिलोनासाठी जीव टाकतो तसा आपल्यासाठी टाकत नाही. २०१६ ला फायनल हरल्यावर त्यानं टीमच सोडली होती, मग परत आला. २०२२ ला कप उचलला तेव्हा त्यातलं एकजण बोलायला शिल्लक नव्हतं. आपला-परका हे लोक स्कोअर बघून ठरवतात. जर्मनीच्या ओझिलचं उलटं झालं, तो तर जर्मनीतच जन्मलेला, वर्ल्ड कप जिंकून दिलेला, तुर्की वंशाचा म्हणून २०१८ ला हरल्यावर सगळ्यांनी त्याच्यावर काढलं आणि त्यानं जर्मनीची जर्सी कायमची उतरवली. जिंकलो की जर्मन, हरलो की बाहेरचा, अशी त्याची तक्रार होती. तुमच्या नातवाला उद्या मैदानात कुणी चेहऱ्यावरनं काही बोललं, आणि बोलणारे भेटतीलच आबा, तर त्या रात्री त्याला फोन लावायला एक घर पाहिजे. ते घर तुम्ही बंद करायला निघालाय.

आता तुमची ती मॅच, भारत-ऑस्ट्रेलिया. होऊ शकते, नाही असं नाही. ऑस्ट्रेलियावाले आता आशियाच्या गटातच खेळतात. जानेवारी २०२४ ला आशिया कपला कतारमध्ये झालीच, आपण ०-२ हरलो, पहिला हाफ मात्र आपल्या पोरांनी छातीचा कोट करून काढला. आणि त्याच्या आधीची एक तुम्हाला माहिती असेल, तुमच्या लहानपणीची, १९५६ चं ऑलिम्पिक, भारतानं ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात ४-२ नं हरवलं, मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं हॅटट्रिक मारली आणि आपण चौथे आलो. ती मॅच कुठं झाली माहितीय का? मेलबर्नला. तुमचा नातू राहतो त्याच गावात. हे त्याला कुणी सांगितलंय का? त्याच्या बापाला तरी माहितीय का? देशाचं प्रेम त्या पोरात उतरावं असं वाटत असेल तर हे सांगा, पायरीचं नका सांगू.

ओरडायचं कुणाच्या नावानं याचं उत्तर माझ्याकडं नाही, पण एका बाईनं दिलेलं आहे. युरो २०१६, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, फ्रान्समधलं लेन्स गाव, स्वित्झर्लंड विरुद्ध अल्बेनिया. स्वित्झर्लंडकडनं ग्रानिट झाका आणि समोर अल्बेनियाकडनं त्याचा थोरला भाऊ टाउलांट. दोघंही बासेलला जन्मलेले, घर अल्बेनियन. मॅच १-० नं स्वित्झर्लंडनं जिंकली. त्यांची आई पायऱ्यांवर बसली होती, अंगात टीशर्ट, अर्धा एका झेंड्याचा आणि अर्धा दुसऱ्या झेंड्याचा, मधनं शिवून जोडलेला दिसावा तसा. डोळ्यात पाणी होतं तिच्या. एक पोरगा जिंकणार आणि एक हरणार हे माहिती असून ती येऊन बसली होती, घरी नाही थांबली. मला वाटतं माझे वडील टोपी हातात घेऊन गेटजवळ उभे होते ते पण तसंच काहीतरी होतं, फक्त शर्ट शिवून घ्यायची हिंमत झाली नाही त्यांना. तुम्ही भारताच्या नावानं ओरडा की, खुशाल ओरडा, आणि बॉल नातवाच्या डाव्या पायात आला की गप्प बसा. तेवढं जमेल.

तुम्ही म्हणाल, म्हणजे देशाचं काहीच नाही का? आहे. मलापण वाटतं भारताकडनं चांगली पोरं खेळावीत, वर्ल्ड कपला आपला झेंडा बघायला मिळावा, तुमच्याएवढंच वाटतं. पण त्याचा बोजा परदेशात जन्मलेल्या एका पोराच्या मानगुटीवर ठेवायचा आणि इथं २०२५ ला आयएसएलचा, म्हणजे आपल्या मुख्य फुटबॉल लीगचा सीझन वेळेत सुरूसुद्धा होऊ शकला नाही, करारांच्या भांडणात शेकडो खेळाडू घरी बसले, त्याबद्दल आपण कुणाला जाब विचारणार नाही, हे मला पटत नाही. शाहू स्टेडियमवर आज जी चौदा-पंधरा वर्षांची पोरं दुपारच्या उन्हात प्रॅक्टिस करतात त्यातल्या कुणाला एक चांगला बूट घेऊन द्या, लेफ्ट बॅकनं कॉर्नरला कुठं उभं राहायचं ते शिकवा, तुमच्याएवढं ते कुणाला येतं. देशासाठी एवढं नक्की करता येईल तुम्हाला, आणि त्याला कुणाचा पासपोर्ट लागत नाही.

राहता राहिला फोन. मेलबर्न आपल्या साडेचार तास पुढं, तिकडं उन्हाळा असला की साडेपाच. तुम्ही लिहिलंय तो प्रॅक्टिसवरनं रात्री आठ-साडेआठला येतो, म्हणजे आपल्याकडं दुपारचे अडीच ते चार, तुम्ही मोबाईल उशाला घेऊन पडता नेमकी तीच वेळ. मुलाच्या फोनवर करू नका, सुनेमार्फत निरोप देऊ नका, थेट त्याला लावा. उचलला नाही तर परत लावा, राग धरू नका, सोळाचं पोरगं आहे. माफी मागायला तुम्हाला जड जाईल, मोठ्या माणसानं नातवाची माफी मागायची आपल्याकडं पद्धत नाही, मला माहितीय. मागायची नसेल तर नका मागू, पण ‘पायरीचं बोललो ते मनातनं काढून टाक, मे महिन्यात सगळे या, तुझी आजी आत्तापासनं पांढऱ्या रश्श्याचं बोलायला लागलीय’ एवढं तरी म्हणा. भारताचं नाव काढू नका त्या फोनवर. नियमाचं, पासपोर्टचं, हमझाचं काहीच नको. त्याच्या कॅम्पचं विचारा, थंडी किती आहे, कोच कसा आहे, कुठली पोरं आलीत, आणि तुम्हीच विचारू शकाल असं एक विचारा, की तुला मागं लेफ्ट बॅकलाच ठेवणार आहेत का पुढं विंगला खेळवणार.